मामीवरच जाऊन बसणारा चौकोन

तीर्थरूप मामांस,

तुमच्या एकुलत्या एक भाचीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं टेकवता आली तेवढ्यांचाच. उरलेला समक्ष भेटीत.) तुमची तब्येत ठीक असेल असं गृहीत धरते, कारण फोनवर विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन लावला की तुम्ही उचलता, "पंप चालू आहे, काही ऐकू येत नाही" म्हणता आणि ठेवून देता. मामा, पंपघरात नोकरी करणाऱ्या माणसाला जेवताना, आंघोळ करताना आणि सुट्टीच्या दिवशी लोळतानासुद्धा पंपाचा आवाज येत असेल, तर त्याने कान तपासून घ्यावेत. आमच्या दुकानात फक्त डोळे तपासतात, नाहीतर मीच तपासले असते. म्हणून हे पत्र. पत्राला पंप आड येत नाही. शिवाय एकदा वाचायला घेतलेलं तुम्ही मधेच टाकत नाही. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनासुद्धा तुम्ही कंपनीच्या पत्त्यापर्यंत वाचता. (ही सवय लक्षात ठेवा, पुढे तीच नडली आहे.)

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी जिंकले. गेले पाच महिने या घरात मी तुमचा संसार मोडणारी बाई म्हणून वावरते आहे. त्या दिवशी जेवताना मामी एवढंच म्हणाली, की घरात शेकड्यांनी पक्ष्यांचे फोटो आहेत आणि पंधरा वर्षांच्या संसारात बायकोचा एक धड फोटो नाही. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. (बोलायला हवं होतं.) सकाळी उठलात, कॅमेरा पिशवीत घातलात, आमच्या चष्म्याच्या दुकानात येऊन माझ्या काउंटरवर ठेवलात, याचा फोकस चुकतो, तीनदा दुरुस्तीला नेला, सुधारत नाही, तुला हवा तर घे, द्यायचं ते दे, असं म्हणालात आणि त्याच आठवड्यात इतकी वर्षं टाळलेली बदली मागून घेऊन निघून गेलात. आता बघा, भांडण तुमचं, बदली तुमची, मौनव्रत तुमचं, आणि नाव कुणाचं खराब झालं? आई म्हणाली, तू तो डबा घेतला नसतास तर माझा भाऊ आज घरात असता. दादा म्हणाला, घेताना विचारायचं तरी. आणि मामीने माझ्याशी बोलणंच टाकलं. ती घेते त्या शिवणवर्गातल्या कुणाला तरी ती म्हणाली होती, की माझा एक फोटो काढण्यापेक्षा यांना कॅमेरा विकून टाकलेला सोपा वाटला. हे मी ऐकलं तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता येत नाही. का ते पुढे कळेल.

बरं, घेतला तर घेतला. आता तो नीट ठेवणं आलं. मामा, तुम्ही चांगले अभियंता असाल, पंप तुमच्या शब्दाबाहेर नसतील, पण कॅमेरा तुम्ही वाईट ठेवला होता. मी आयुष्यभर लोकांच्या काचा पुसत आले आहे. कोण चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसतो, कोण पदराने आणि कोण थुंकी लावून, हे मला काच उजेडात धरल्याबरोबर कळतं. तुमची लेन्स तुम्ही बनियनने पुसत होतात. नाकारू नका. पट्ट्यावर घामाचे नकाशे होते, बॅटरीच्या खणात बिस्किटाचा चुरा होता, आणि पकडायच्या जागेचं रबर सुटून जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं लोंबत होतं. "फार वापरलेला नाही" असं तुम्ही म्हणाला होतात. याच्या आत एक आकडा असतो, किती वेळा बटण दाबलं त्याचा. तो मी काढून पाहिला. एवढ्या वेळा तर मी जन्मापासून डोळे मिचकावले नसतील. पण मी वाद घातला नाही. रबर काढून, साफ करून, फ्रेमच्या नाकपट्ट्या बसवायला आम्ही वापरतो त्या गोंदाने पुन्हा चिकटवलं. (पहिल्यांदा उलटं चिकटलं. दुसऱ्यांदा अंगठा चिकटला. तिसऱ्यांदा बरोबर बसलं.) ओल लागून लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवायला लागले आणि बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या "खाऊ नये" लिहिलेल्या पुड्या शेजारपाजारच्यांकडून मागून आणल्या. गल्लीत कुणीही नवे बूट घेतले की मी अभिनंदन करायला जाते, असा माझा लौकिक झाला आहे. आतल्या सेन्सरवरची धूळ उडवायला रबरी फुंकणी घेतली. ती येईपर्यंत एकदा तोंडाने फुंकर मारून पाहिली, तर धूळ होती तिथेच राहिली आणि वर दोन शिंतोडे उडाले. ते काढायला अख्खा रविवार गेला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

असा मी त्याला हंड्रेड पर्सेंट ठणठणीत केला आणि फोकस तर चुकत नव्हताच. अजिबात नाही. कावळा काढला, कावळा स्वच्छ. समोरच्या गच्चीवरची टाकी काढली, टाकीवरचं गळतं झाकणसुद्धा दिसलं. मी म्हटलं, आमचे मामा म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. एवढा चांगला कॅमेरा आणि दोष देऊन विकला. आणि याच घमेंडीत मी आईच्या निरोप समारंभाचे फोटो काढायची जबाबदारी घेतली.

आई यंदा इस्पितळातून निवृत्त झाली, हे तुम्हाला कळवलं होतं. (पंप चालू होता.) इतकी वर्षं तिने त्या इस्पितळात मुख्य परिचारिका म्हणून राज्य केलं. मोठे डॉक्टरसुद्धा वॉर्डात शिरताना बूट वाजवत नसत. इस्पितळाच्या सभागृहात समारंभ होता. दादा म्हणत होता, फोटोवाला बोलावू. मी म्हटलं, घरात एवढं यंत्र असताना? आईने माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेचा अर्थ असा होता, की त्या डब्याने भाऊ नेला, आता समारंभ नेऊ नको. मामीही आली होती. आईचं बोलावणं मोडण्याची हिंमत तिच्यातही नाही. मला "बरी आहेस ना" एवढं विचारून ती मागच्या रांगेत खांबाशेजारी जाऊन बसली. मी मात्र नुसती धावत होते. खुर्चीवर चढले, गुडघ्यावर बसले, अधीक्षकांच्या भाषणात त्यांच्या आणि माईकच्या मधे शिरले. कंबर धरली ती तिथेच.

संध्याकाळी सगळे घरी जमले आणि दादाने फोटो टीव्हीवर लावले. मामा, कसं सांगू. आई पुष्पगुच्छ घेते आहे, आई म्हणजे एक पांढरा ढग. अधीक्षक शाल देत आहेत, म्हणजे एक काळा ढग पांढऱ्या ढगाला काहीतरी देतो आहे. आणि मागे, शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी, मामी. लख्ख. साडीच्या काठाचा टाका न् टाका मोजून घ्यावा. पुढच्या फोटोत आईचे डोळे भरून आले आहेत असं आईनेच आम्हाला सांगितलं, आम्हाला दिसले नाहीत. मागे मामी जांभई देते आहे, तिची दाढ कुठे भरलेली आहे ते दिसतं. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या एकत्र फोटोत धुक्यात हरवलेली माणसं आणि कडेला मामी पर्समध्ये चष्मा शोधताना. असे एकेक फोटो पुढे सरकत गेले. शेवटी आईच म्हणाली, की निवृत्त मी झाले का तुझी मामी, ते मला नीट समजावून सांग. मामी उठली आणि निघून गेली. तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. तिने धड फोटो मागितला होता ना, तर घे, जांभईचा घे, असा तिने अर्थ लावला. मामा, त्या संध्याकाळी मला खरंच रडू आलं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी मी एक नवरा घालवला होता, आता आईचा समारंभही घालवला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन तुमच्याच त्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने यंत्र हातात घेतलं आणि जुना पेशंट भेटल्यासारखा हसला. म्हणाला, हे आधीही येऊन गेलं आहे, यात काही दोष सापडत नाही, तरी आतलं सगळं बदलून बघू. काही दोष नाही म्हणून सगळं बदलू, हे तर्कशास्त्र मी आमच्या मालकांच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं, आणि ते धडधाकट डोळ्यांना चष्मा विकतात. मी कॅमेरा काढून घेतला. म्हटलं, याचे डोळे मीच तपासणार.

दुपारी दुकान थंड असतं तेव्हा मी त्याला तपासणीच्या खोलीत तिपाईवर बसवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. रीतसर तपासणी केली. लांबचं दाखवलं, शेवटची ओळ फडाफड वाचली. जवळचं दाखवलं, माझ्या तळहातावरच्या रेषा आल्या. मग मालकांना तक्त्यापुढे उभं केलं, चौकोन मालकांवर. मामा, तुम्हाला माहीतच आहे, याच्या पडद्यावर फोकस जिथे धरला तिथे एक छोटा चौकोन दिसतो. मालक डावीकडे गेले, चौकोन डावीकडे. मालक खाली वाकले, चौकोन टकलावर. मी हातही लावत नव्हते. मालक म्हणाले, याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, याला कामावर ठेवू. आणि तेवढ्यात दार उघडून मामी आली. तिचा जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारा चष्मा तयार झाला होता, तो घ्यायला. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून थेट मालकांना हाक मारत ती तक्त्याशेजारच्या दारातूनच आत डोकावली. आणि मामा, माझ्या डोळ्यांदेखत तो चौकोन मालकांच्या तोंडावरून उठला, भिंत ओलांडून गेला आणि मामीवर जाऊन बसला.

मी मालकांना म्हटलं, तुम्ही पुढे या. ते पुढे आले, पार लेन्सला नाक लावलं. चौकोन मामीवर. मी मामीला म्हटलं, जरा उजवीकडे हो. ती रागाने उजवीकडे झाली, चौकोनही रागाने उजवीकडे. तिने पर्स तोंडाशी धरली, चौकोन भिरभिरला आणि परत मालकांवर आला. पर्स खाली, पुन्हा मामी. ती म्हणाली, हे काय माझ्यावर रोखून ठेवलं आहेस? तेवढ्यात मला तुमची ती सवय आठवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मी मेनूत शिरले. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, जिथे शहाणा माणूस कधी जात नाही अशा आडगल्लीत एक ओळ सापडली, "चेहऱ्यांची नोंद". यात आपल्या माणसाचा चेहरा नोंदवून ठेवायचा असतो. मग कितीही गर्दी असो, तो चेहरा दिसला की यंत्र बाकी सगळं सोडून आधी त्याच्याकडे बघतं. उघडलं. पहिल्या क्रमांकावर मामी होती. तरुण मामी, बाल्कनीत, केस धुतलेले, गळ्यात मोजायची टेप, कशाला तरी खळखळून हसणारी. खाली इंग्रजी अक्षरांत तुम्ही नाव भरलं होतं, "सरकार". बाकीच्या सगळ्या जागा रिकाम्या. (तुमच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं नाव त्यात नाही, हे आईने पाहून ठेवलं आहे. त्याचा जाब वेगळा द्यावा लागेल.)

काय झालं असेल ते मला कळलं आणि तुम्हालाही आता कळलं असेल. नवा कॅमेरा आणला तेव्हा तुम्ही पुस्तिका घेऊन बसलात, त्यात लिहिलं होतं चेहरा नोंदवा, तुम्ही समोर होतं ते माणूस नोंदवलंत, पान उलटलंत आणि विसरून गेलात. यंत्र विसरलं नाही. तुम्ही कुंपणावरचा खंड्या टिपायला जात होतात, मागे मामी कपडे वाळत घालत असायची, यंत्र म्हणायचं खंड्या राहू दे बाजूला. तुम्ही चिडून फोटो पुसून टाकायचात आणि दुरुस्तीवाल्याकडे धाव घ्यायचात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे मी मामीला तिथेच, तपासणीच्या खुर्चीवर बसवून सांगितलं. तिने नवा चष्मा घातला, पडद्यावरचा तो छोटा फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला (पदराने, मी बघून न बघितल्यासारखं केलं) आणि परत पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, म्हणजे यंत्राला कळत होतं, ह्यांनाच कळत नव्हतं. आणि जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मालकांना काही समजलं नाही, ते धावत जाऊन डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आले. मामा, पाच महिन्यांनी मामी माझ्याशी हसली. मला इतकं बरं वाटलं, की मी तिच्या चष्म्याच्या काड्या दोनदा सैल करून दिल्या.

पण ही तर नुसती सुरुवात. कॅमेऱ्याबरोबर तुम्ही जुनं कार्डही दिलं होतंत. दुसऱ्याचं वापरलेलं कार्ड मी घालत नाही, जसा दुसऱ्याचा चष्मा घालत नाही, म्हणून ते तसंच डब्यात पुड्यांबरोबर पडून होतं. ते दादाकडे नेऊन दिलं. पुसलेलं परत आणायची काहीतरी विद्या त्याच्याकडे आहे. (ती त्याला का शिकावी लागली ते वहिनी सांगेल.) सकाळी संगणक लावून ठेवला तो दुपारपर्यंत नुसता फोटो ओकत होता. प्रत्येक फोटोत पुढे निळा, पांढरा नाहीतर करडा एक गोळा, म्हणजे तुमचा खंड्या, बगळा आणि जे काही असेल ते, आणि मागे मामी. मामी पेपरवाल्याशी वाद घालताना. मामी शिवणयंत्रावर डोकं टेकून डुलकी काढताना. तोंडात टाचण्या धरून फोनवर बोलताना. पायरीवर बसून एकटीच चहा पिताना, कुठेतरी लांब बघत. एकीकडून शिवणवर्गातल्या पोरींना रागावताना आणि दुसरीकडून त्यांच्याकडे पाठ करून हसताना. कुठल्या नवऱ्याने बायकोचे काढले नसतील एवढे आणि एवढे चांगले फोटो तुम्ही काढले आहेत, मामा, आणि त्यातला एकही मनात धरून काढलेला नाही. मामीने सगळे पाहिले. म्हणाली, सांगून काढले असते तर मी तोंड वाकडं केलं असतं. मग चहा पितानाचा तो फोटो तिने पुन्हा मागे नेऊन पाहिला आणि म्हणाली, मी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

तर आता इथली परिस्थिती अशी. घरात माझा शब्द चालतो. दादाने माफी मागितली. वहिनीने मला मागच्या रविवारी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही, बसल्या जागी सगळं आणून दिलं. आईचा समारंभ आम्ही दुकानातच पुन्हा केला. अधीक्षकांचा चष्मा आमच्याकडेच असतो, तो दुरुस्तीला आला होता. शाल देईपर्यंत परत मिळणार नाही, असं आईनेच त्यांना बजावलं. बिचाऱ्यांनी चष्म्याशिवाय चाचपडत शाल दिली, पण फोटो असा आला आहे, की आईच्या डोळ्यांतलं पाणी मोजून घ्यावं. (मामीला तेवढा वेळ मालकांबरोबर बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.) मोठा करून तो बैठकीत लावला आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि म्हणते, माझ्या मुलीने काढला, जुन्या कॅमेऱ्यावर, तिने स्वतः दुरुस्त केलेल्या. मी दुरुस्त काहीच केलेलं नाही, फक्त दोष नव्हता हे शोधून काढलं. पण आईच्या बोलण्यात चूक काढायची आमच्याकडे पद्धत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असं शेवटी लिहायचं असतं, पण तुमच्याजवळ तिथे पंपांशिवाय कुणी नाही. त्यांना तेल घाला.

तुमची,
निर्दोष सुटलेली भाची

ता. क. तिथे पाण्यावर खूप पक्षी येतात म्हणे. तुमच्याकडे कॅमेरा नाही याचं मला वाईट वाटतं. फार नाही.

आणखी ता. क. दुसरी बॅटरी आणि लेन्सचं झाकण तुमच्याच सामानात गेलं आहे. पोस्टाने पाठवू नका, हरवेल. स्वतः घेऊन या.

शेवटचा ता. क. आता खरं सांगते. वर एवढा विजय सांगितला, पण कॅमेरा माझ्याकडे नाही. "जरा बघते" म्हणून मामी घेऊन गेली ती देतच नाही. तिची नोंद पुसून टाकते म्हटलं, म्हणजे मला दुसऱ्या कुणाचे फोटो काढता येतील, तर "खबरदार हात लावशील तर" म्हणाली. काल मला बोलावून घेतलं. तुमचं ओळखपत्र समोर धरून दुसऱ्या क्रमांकावर तुमचा चेहरा नोंदवायला बसली होती. यंत्र घेईना. त्या फोटोत तुम्ही कपाळाला आठ्या घालून खाली बघता आहात. तिने खूपदा प्रयत्न केला, दर वेळी पडद्यावर एकच ओळ येत होती, की चेहरा ओळखता येत नाही, माणसाला समोर आणा. शेवटी ती मला म्हणाली, आता मी काय करू, तूच वाच काय लिहिलं आहे ते. म्हणून मी हे पत्र लिहिलं. पहिली मिळेल ती गाडी पकडा मामा, आणि येताना दाढी करून या.